परतीचा वारा

विमानात पुढच्या सीटच्या पाठीला जो छोटा पडदा असतो, त्यावर बहुतेक लोक सिनेमे बघतात. मी नकाशा लावून ठेवते. काळ्या-निळ्या पृथ्वीवर एक पांढरं विमान, त्याच्या मागे आलेल्या वाटेची रेघ, पुढे जायच्या वाटेची पुसट रेघ, आणि खाली आळीपाळीनं उमटणारे दोन आकडे: उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळात सरळ वाटेनं साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. कुठेही न थांबता जाणारं विमान ते पंधरा-सोळा तासांत कापतं. किलोमीटरचा आकडा शहाण्यासारखा उतरत जातो. वेळेचं तसं नसतं. तो मध्येच पाच मिनिटांनी वाढतो, मग बराच वेळ जागचा हलत नाही, मग एकदम दहा मिनिटं गाळून पुढे येतो. शेजारचे झोपलेले असतात, दिवे मंद केलेले असतात, आणि मी या दोन आकड्यांकडे बघत बसते. ते एकाच प्रवासाबद्दल बोलत असतात, पण त्यांची पावलं जुळत नाहीत.

नकाशावरची ती रेघही विचारात पाडते. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईवर बोट ठेवून डावीकडे सरकत गेलं की अरबस्तान लागतो, मग भूमध्य समुद्र, मग अटलांटिक, आणि पलीकडे न्यूयॉर्क. विमान मात्र मुंबई सोडल्यावर पश्चिमेऐवजी उत्तरेकडेच तोंड करतं. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो सिंध-बलुचिस्तानवरून अफगाणिस्तानात शिरतो, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचं माळरान ओलांडतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून जातो, फिनलंडचं दक्षिण टोक आणि स्कँडिनेव्हिया पार करतो, आइसलंडच्या पूर्वेला आपल्या सर्वांत उंच अक्षांशाला, पासष्टाव्या अंशाच्या जवळ, पोहोचतो, आणि तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घसटून लॅब्राडॉरवर उतरतो. सर्वांत जवळची वाट ही अशी बर्फातून जाणारी. आपल्या डोळ्यांना सवय लागली आहे ती मर्केटरच्या नकाशाची. त्यानं १५६९ साली तो दर्यावर्द्यांसाठी काढला. होकायंत्राची एक दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेघेत काढता यावी, ही त्याची निकड होती, आणि त्यासाठी त्यानं उत्तरेकडचे प्रदेश ताणून मोठे केले. जहाजांचं त्यानं भलं झालं. आपल्या मनात मात्र जग सपाट होऊन बसलं, आणि जवळची वाट वाकडी दिसू लागली.

ही विमानं मुंबईहून बहुधा मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. हिवाळ्यात निघालं तर या वाटेवर रात्र संपतच नाही. विषुववृत्तावर पृथ्वी स्वतःभोवती ताशी १,६७० किलोमीटर वेगानं फिरते, पण साठाव्या अक्षांशावर तोच वेग निम्मा, ताशी ८३५ किलोमीटर होतो. विमान पश्चिमेकडे चाललेलं असतं आणि त्याचा वेगही ताशी नऊशेच्या घरात असतो. म्हणजे फिनलंडपासून ग्रीनलंडपर्यंत पृथ्वी जेवढी पूर्वेकडे वळते, जवळजवळ तेवढंच विमान पश्चिमेकडे सरकतं. खालच्या गावांत पहाटेचे चार वाजलेले असतात, आणि पुढच्या गावावर पोहोचावं तर तिथेही चारच. तासन् तास तीच एक पहाट खिडकीबाहेर उभी असते. मनगटावरच्या घड्याळात मुंबईत आता सकाळचे अकरा वाजलेले असतात. घरी कामवाल्या बाई येऊन गेल्या असतील, दूध तापून निवलं असेल. पंधरा तास प्रवास करून उतरायचं, आणि तिथलं घड्याळ सांगणार की निघाल्यापासून जेमतेम पाच तास झाले. हिवाळ्यात दोन शहरांमध्ये साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेनऊचा. उरलेले तास कुठे गेले हा हिशोब मी कागदावर सोडवू शकते, पण शरीराला तो पटवून देता येत नाही. ते बिचारं दुपारी दोनला पेंगुळलेलं आणि रात्री दोनला भुकेलं, असं आठवडाभर आपल्या जुन्या गावाशी इमान राखतं.

या दोन किनाऱ्यांमधल्या अंतराचा विचार करताना मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला पोस्टात नोकरीला होते, म्हणून निघणं तिथून झालं. वय अठरा. सोबतीला मिशनरी बायका, आपलं म्हणावं असं कुणी नाही. जूनच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. धक्क्यावर उतरवून घ्यायला थिओडिसिया कार्पेंटर आल्या होत्या. ओळख तोवर केवळ पत्रांतली. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. त्यांच्याबद्दल लिहिताना लोक पहिली पदवी, पहिली डॉक्टर हे सांगतात, ते योग्यच आहे. पण मी त्या दोन महिन्यांपाशी रेंगाळते. नऊवारी नेसलेली, शाकाहारी मुलगी रोज सकाळी डेकवर येत असेल आणि रोज थोडी अधिक दूर गेलेली असेल. तिचं दूर जाणं तिला दिसत होतं. हवा बदलत होती, पाण्याचा रंग बदलत होता, अंगाला थंडी लागू लागली होती. पोहोचेपर्यंत तिनं ते सगळं अंतर जगून घेतलं होतं.

१८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन, क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन, त्या वर्षअखेरीस परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविशी पुरी व्हायला महिना उरला होता. त्यांची रक्षा नंतर कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे. म्हणजे तोच समुद्र त्यांनी एकदा जाताना ओलांडला, एकदा येताना, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या मागे राहिलेल्यांनी त्यांना ओलांडायला लावला. या तीन प्रवासांचे मैल साधारण सारखेच भरतील. पण त्या मैलांना सारखं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आनंदीबाई निघाल्या त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३ साली, डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही समुद्रानंच. तिथून लंडन, आणि १९१७ साली महायुद्धाच्या ऐन धामधुमीत लंडनहून परत. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांचं सामान, त्यात पुस्तकं, दुसऱ्या बोटीनं येत होतं आणि ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. न्यूयॉर्क-लंडनच्या जुन्या दुकानांत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. त्या काळी अंतर असं काही वाटेतच ठेवून घेई. आज आपण सामानाच्या पट्ट्याशी उभे राहून बॅग यायला अर्धा तास लागला तरी हवालदिल होतो, तेव्हा मला तो बुडालेला पुस्तकांचा ठेवा आठवतो.

मग विमानं आली. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनीव्हा करत लंडनला गेलं. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागलं, वाटेत थांबे घेत, लंडनमार्गे. २००७ च्या सुमारास मुंबईहून निघून थेट न्यूयॉर्कला उतरणारी विमानं सुरू झाली. सांगायला सोपं वाटतं, पण एवढा लांबचा पल्ला गाठायचा म्हणजे विमानाच्या वजनाचा मोठा वाटा इंधनाचाच असतो, आणि त्यातलं बरंचसं इंधन पुढे लागणारं इंधन वाहून नेण्यातच जळतं. लांबच्या प्रवासाची सगळी चिंता निघतानाच पाठीवर घ्यावी लागते, हे यंत्रालाही चुकलेलं नाही.

माझा धाकटा मामा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेला. १९६५ साली अमेरिकेनं आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांना ती दारं उघडली, त्या पहिल्या लाटेतला तो. आमची आजी साताऱ्याला. मामाचं निळं एरोग्राम यायला दहा-बारा दिवस लागत. त्यात तो लिही, ‘काल इथे पहिला बर्फ पडला,’ आणि आजी ते वाचून म्हणायची, ‘आज तिकडे बर्फ पडलाय गं.’ पत्र येण्याचे दिवस तिच्या लेखी नव्हतेच. ज्या दिवशी पत्र हातात पडलं त्या दिवशी तिकडे बर्फ पडला. तिला कुणी किलोमीटर सांगितले नाहीत, तिनं विचारलेही नाहीत. ती एवढंच विचारायची, ‘निघाला तर किती दिवसांत येईल?’

आजोबा गेले तेव्हा तार केली. तार पोहोचून, रजा मिळून, तिकीट मिळून मामा आला तो तेराव्याला. आजी दारातच होती. ती त्याला म्हणाली, ‘आलास, बरं केलंस, आधी पाणी पी.’ बाकी काही बोलली नाही.

अंतराचं खरं माप अशाच वेळी निघतं असं मला वाटतं. आजही पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत एखादं वयस्कर माणूस गेलं की खाली जमलेल्या लोकांत पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा कधी पोहोचतोय?’ मग हिशोब सुरू होतो. फोन लगेच लागला, पण तिकडे रात्र होती. तिकीट सकाळचं मिळालं. चौदा-पंधरा तास विमानात. सहारला उतरून इमिग्रेशन, सामान. तिथून एक्सप्रेस वेवरून तीन-चार तास, घाटात गर्दी नसली तर. कुणीतरी घड्याळाकडे बघतं, कुणीतरी हॉस्पिटलला फोन करून शवागारात आणखी एक दिवस ठेवता येईल का विचारतं, आणि घरातली थोरली व्यक्ती ठरवते, थांबायचं की नाही. आतापर्यंत ज्या अंतराकडे आपण फिरायला जायचं, भेटायला जायचं म्हणून बघत होतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण लांबीनं समोर उभं राहतं. तेराव्याऐवजी आता दुसऱ्या दिवशी पोहोचता येतं, हे फार मोठं आहे. ते मिळवायला माणसानं फार अक्कल आणि कष्ट खर्चले. पण जो एक दिवस उरला आहे, तो मात्र कुणाला कमी करता आलेला नाही.

आणि तो दिवसही नेहमी तेवढाच राहत नाही. दोन शहरं जागची हलत नाहीत, पण त्यांच्यामधलं आकाश बंद होऊ शकतं. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्ताननं आपलं आकाश काही महिने मिटून घेतलं. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियानं युरोप-अमेरिकेच्या विमानांना आपल्या डोक्यावरून जायची मनाई केली. हेलसिंकीहून तोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जाणारी विमानं तेरा तास घेऊ लागली. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांसाठी पाकिस्तानचं आकाश पुन्हा बंद झालं. मघाशी ज्या दोऱ्याबद्दल लिहिलं, त्याच्या पहिल्याच बोटभर लांबीवर अशी गाठ बसली. मग विमान अरबी समुद्रावरून वळसा घालतं, आणि पडद्यावरची रेघ ताणलेली न दिसता ओघळलेली दिसते. कुठल्या तरी राजधानीत एक हुकूम निघतो आणि न्यू जर्सीच्या एडिसनमधली एखादी मुलगी साताऱ्यातल्या तिच्या आईपासून तास-दीड तास लांब जाते. त्या दोघींना कुणी विचारलेलं नसतं.

मात्र या वाटेवर एक गोष्ट अशी आहे जी कुणाच्या हुकमात नाही, आणि तिच्यावर माझा जीव आहे. न्यूयॉर्कहून मुंबईला यायला जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो, बहुधा तासाभरानं, हिवाळ्यात कधी त्याहूनही अधिक फरकानं. दोन टोकं तीच, विमान तेच. फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भेटते तिथे ते जन्मतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यानं पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात या दोन हवांमधला फरक वाढला की झोत बळावतात. ताशी दोनशे किलोमीटर आणि कधी त्याहून पुष्कळ जास्त. पश्चिमेकडे जाणारं विमान त्यांना टाळत, वाकड्या वाटेनं का होईना पण बाजूनं जातं. पूर्वेकडे येणारं विमान मुद्दाम त्यांच्यात शिरतं.

हे झोत पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात. तोकियोजवळच्या तातेनो इथल्या वेधशाळेत तो फुगे आकाशात सोडायचा आणि ते किती वेगानं पूर्वेकडे पळतात याची नोंद ठेवायचा. जगभरच्या लोकांनी आपलं काम वाचावं म्हणून त्यानं ते एस्परांतोत छापलं, कुणा एका देशाची नसलेली आणि म्हणून सर्वांची होईल अशी भाषा समजून. ते फारच थोड्यांनी वाचलं. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली आणि त्या वाऱ्यात अडकून जागच्या जागी रेंगाळू लागली, तेव्हा बाकीच्या जगाला त्याचा प्रत्यय आला. ओइशी मला फार जवळचा वाटतो. शांतपणे मान वर करून फुग्यांकडे बघणारा एक माणूस, ज्याला आकाशातली एक नदी सापडली होती आणि जो ती सर्वांना सांगू बघत होता.

माझी लेक न्यू जर्सीत राहते. तिच्या बाळंतपणाच्या वेळी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा घरी काट्यावर बॅगा तोलताना डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, कुळथाचं पीठ यांनी तेवीस किलो कधी भरले ते कळलं नाही. विमानतळावर व्हीलचेअरवर बसलेल्या कितीतरी बायका पाहिल्या. चालता येत नव्हतं म्हणून बसलेल्या थोड्याच. बऱ्याचजणींना कुठे वळायचं, कुणाला काय सांगायचं याचा धीर हवा होता, आणि खुर्ची ढकलणारा मुलगा तो देत होता. मांडीवर पर्स घट्ट धरून, पायात मोजे आणि चपला घालून, त्या जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाल्या होत्या. त्यांच्या आजीच्या पिढीतली बाई लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या तालुक्याला जायची तर बैलगाडी आणि एसटीत दिवस जायचा. यांनाही एक दिवसच लागणार होता.

त्या पहिल्या खेपेला परतताना वैमानिकानं सांगितलं की पाठीशी चांगला वारा आहे, आपण वेळेआधी उतरू. मला तेव्हा फार बरं वाटलं. वारा आपल्याला घरी ढकलतो आहे, आकाशालाही आपल्या परतीची घाई आहे, असं काहीसं मनात आलं आणि ते बरीच वर्षं तसंच राहिलं. दूर जाणं अवघड, परतणं सोपं, हे जणू पृथ्वीच्या घडणीतच आहे. मामाला, आनंदीबाईंना, समुद्र ओलांडून गेलेल्या सगळ्यांना मी मनातल्या मनात तो वारा देत असे.

गेल्या डिसेंबरात लेक आणि नात आल्या होत्या. महिनाभर राहिल्या. नात आता मोठी झाली आहे, तिला मराठी समजतं, ती इंग्रजीत उत्तर देते, आंबेहळदीचं लोणचं आवडीनं खाते. एका दुपारी तिला मी पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून वाट दाखवत होते, वाऱ्याचे झोत कसे वाहतात ते बोटानं दाखवत होते. तिनं लक्ष देऊन ऐकलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘म्हणजे आजी, इथे येताना लवकर येतो, पण घरी जाताना वारा समोरून येतो.’ लेक शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं नातीला दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्या दिवसापासून मी त्या एका तासाकडे वेगळ्या नजरेनं बघते. वारा पूर्वीसारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आहे. मुंबई आणि न्यूयॉर्क आपापल्या अक्षांशांवर बसलेली आहेत, दोरा तेवढाच लांब आहे. बदललं आहे ते एवढंच, की या वाटेवरची कुठली खेप जाण्याची आणि कुठली परतीची. मामा पन्नास वर्षं तिकडे राहिला. त्याच्यासाठी ती अदलाबदल कोणत्या वर्षी झाली असेल? झाली तरी असेल का, की तो दोन्ही खेपांना परतच येत राहिला? लेकीला विचारावं असं पुष्कळदा मनात येतं. पण हे विचारायचं तर फोनवर नको. समोरासमोर बसून, घाई नसताना विचारायला हवं, आणि त्यासाठी आता पुढच्या खेपेला मलाच त्या समोरच्या वाऱ्यातून जायला हवं.